शिरोत्वचेच्या शस्त्रक्रियेतील भूमिती

अपघात, भाजणे किंवा कर्करोगाची गाठ काढणे यांमुळे डोक्यावरील त्वचा नष्ट झाल्यास अनेकदा शेजारचीच त्वचा सरकवून जखम झाकली जाते. एका बाजूने रक्तपुरवठा कायम ठेवून उचललेल्या अशा भागाला ‘फ्लॅप’ म्हणतात. गालाची त्वचा ताणली जाते, तशी डोक्याची ताणली जात नाही. तिच्याखाली ‘गॅलिया’ हा चिवट पडदा असतो. म्हणूनच येथे फ्लॅपची आखणी भूमितीच्या आधारे करावी लागते.

कमानीसारखा छेद घेऊन फिरवायच्या फ्लॅपमध्ये ही कमान जखमेच्या रुंदीच्या साधारण ४ ते ६ पट लांब आखतात. जखम ३ सेंटिमीटर रुंद असेल, तर छेद १२ ते १८ सेंटिमीटरचा होतो. तो आखूड पडल्यास ताण वाढतो, रक्तप्रवाह खुंटतो आणि फ्लॅपचे टोक मृत होऊन कवटीचे हाड उघडे पडू शकते.

या गणिताची पद्धतशीर मांडणी लेनिनग्राडचे शल्यविशारद अलेक्झांडर लिंबर्ग यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. कागदी प्रतिकृती कापून ते फ्लॅपचे सरकणे अभ्यासत. ६० व १२० अंशांचे कोन असलेला त्यांचा समभुज चौकोनी फ्लॅप आजही वापरात आहे.

मात्र कागद सपाट असतो आणि डोके गोलाकार. गोल पृष्ठभागावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून अधिक भरते. त्यामुळे मोठ्या जखमेसाठी केवळ सपाट आकृतीवर विसंबता येत नाही. प्रत्यक्ष डोक्यावर कापडाचा तुकडा ठेवून माप पडताळावे लागते.