बाळ येशूचे तुटलेले हात आणि प्राग शहर



आपल्या धर्मग्रामातील दोन कुटुंबे येत्या सुट्टीत युरोपला चालली आहेत. मिस्सानंतर त्यांनी विचारले, "प्रागला एकच दिवस आहे, काय बघावे?" टूरच्या कागदावर घड्याळ, पूल, किल्ला आणि शेवटी 'मोकळा वेळ' असे लिहिले होते. बाळ येशूचा उल्लेखच नव्हता. नाशिकरोडला फेब्रुवारीच्या यात्रेत तासन्‌तास रांगेत उभे राहणारी ही माणसे, पण ज्या मूर्तीची ती प्रतिकृती आहे ती मूळ मूर्ती आपण जाणार त्याच गावात आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांना तोंडी जे सांगितले ते थोडे सविस्तर इथे लिहितो. सांगताना एक गोष्ट मी गिळली होती, तीही लिहितो.

प्राग हे आजच्या चेक प्रजासत्ताकाचे, म्हणजे जुन्या बोहेमियाचे, राजधानीचे शहर. मधून व्हल्टावा नदी वाहते. एका काठावर टेकडीवर किल्ला, त्याच्या पायथ्याशी 'माला स्त्राना' नावाची वस्ती, आणि पूल ओलांडला की जुने शहर. माला स्त्रानात कार्मेलित्स्का नावाच्या रस्त्यावर 'विजयी मरियामाते'चे चर्च आहे. बाहेरून फार भव्य नाही, शोधत गेले नाही तर सरळ पुढे निघून जाल. आत उजव्या बाजूच्या वेदीवर काचेआड बाळ येशू उभा आहे. मूर्ती जेमतेम ४७ सेंटिमीटरची, आतून लाकडाची, वरून मेणाची. उजव्या हाताची दोन बोटे आशीर्वादासाठी उचललेली, डाव्या हातात पृथ्वीचा गोल आणि त्यावर क्रूस. अंगावरचा झगा उपासना-काळाच्या रंगाप्रमाणे बदलतात. जगभरातून आलेले कितीतरी झगे जवळच्या छोट्या संग्रहालयात ठेवले आहेत. १७४३ सालचा एक झगा सम्राज्ञी मरिया थेरेसाने दिलेला आहे. २००९ च्या सप्टेंबरात पोप बेनेडिक्ट सोळावे येथे आले आणि त्यांनी मूर्तीला मुकुट अर्पण केला.

मूर्ती स्पेनची. मरिया मान्रिके दे लारा ही स्पॅनिश घराण्यातील मुलगी लग्न होऊन बोहेमियात आली, तेव्हा ती तिच्याबरोबर आली. पुढे तिने ती आपली मुलगी पोलिक्सेना हिला दिली. म्हणजे माहेरून आलेला देव लेकीच्या सासरी गेला, आपल्याकडे जसा जातो तसाच. पोलिक्सेना लोबकोविच घराण्यात होती. १६२८ साली तिचा नवरा वारला आणि त्याच वर्षी तिने ही मूर्ती कार्मेल संघाच्या धर्मबंधूंना देऊन टाकली.

१६३१ च्या नोव्हेंबरात सॅक्सनीचे प्रॉटेस्टंट सैन्य प्रागमध्ये शिरले. धर्मबंधू पळाले. मठ लुटला गेला आणि मूर्ती वेदीमागच्या कचऱ्यात जाऊन पडली. तिचे दोन्ही हात तुटले. सहा वर्षे तिला कोणी विचारले नाही. १६३७ साली फादर सिरिल परतले, त्यांनी ती शोधून काढली आणि तशीच, हात नसलेली, वेदीवर ठेवली. परंपरा अशी सांगते की प्रार्थनेत असताना त्यांना बाळ येशूचा आवाज ऐकू आला, की माझे हात मला परत द्या, मी तुम्हाला शांती देईन. पैसे नव्हते, वरिष्ठांना घाई नव्हती; बऱ्याच खटपटीनंतर हात बसले. आपल्या नोव्हेनाच्या पुस्तिकेत ही गोष्ट असते आणि ती इथेच संपते.

मी गिळलेली गोष्ट अशी की हे चर्च मुळात आपले नव्हते. १६११ ते १६१३ च्या दरम्यान प्रागमधल्या जर्मन लुथरन लोकांनी वर्गणी काढून ते बांधले आणि त्याला पवित्र त्रैक्याचे नाव दिले. १६२४ मध्ये ते त्यांच्याकडून काढून कार्मेल संघाला देण्यात आले. 'विजयी' हे नावही लढाईतले आहे. ८ नोव्हेंबर १६२० रोजी शहराबाहेरच्या पांढऱ्या टेकडीवर कॅथलिक सम्राटाच्या फौजेने बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा दोनएक तासांत पराभव केला. दोमिनिक नावाचे कार्मेल धर्मगुरू गळ्यात एक चित्र अडकवून सैनिकांपुढे फिरत होते. चित्र येशूजन्माचे होते आणि त्यातल्या मरियेचे डोळे कोणीतरी फोडले होते. ते पाहून सैन्य पेटले असे सांगतात. त्या विजयाचे नाव चर्चला मिळाले. ११ वर्षांनी सॅक्सन सैनिक त्या चर्चमध्ये शिरले, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते आपल्याच भाऊबंदांच्या हिसकावलेल्या मंदिरात शिरत होते. याने मूर्तीचे हात तोडणे चांगले ठरत नाही. पण ते हात कोणाच्या रागाने तुटले हे कळते.

मला हे एवढे का लागते ते सांगतो. माझे वडील कॅथलिक, आई मेथॉडिस्ट घरातली. आजोळी बाळ येशूची तसबीर चालत नसे आणि वडिलांच्या घरी आजोबांचे बायबल कपाटाबाहेर येत नसे. लहानपणी दोन्हीकडचे टोमणे ऐकले आहेत. म्हणून प्रागची सहल मी बाळ येशूपाशी संपवू देत नाही. तिथून चार्ल्स पुलाकडे चालत या, दहा मिनिटांची वाट आहे.

पुलाचा पाया १३५७ साली सम्राट चौथा चार्ल्स याने घातला. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे-समूह आहेत. सगळे लोक संत जॉन नेपोमुक यांच्या पुतळ्याला हात लावायला गर्दी करतात. १३९३ साली राजाने त्यांना याच पुलावरून नदीत टाकून मारले. तुम्ही मात्र फ्रान्सिस झेवियर यांना शोधा. होय, आपलेच, जुन्या गोव्याचे. ब्रोकॉफ या शिल्पकाराने १७११ साली केलेल्या या पुतळ्यात झेवियर उंचावर उभे आहेत, पौर्वात्य देशांतील माणसांनी त्यांना खांद्यावर तोलले आहे आणि एक भारतीय राजपुत्र बाप्तिस्म्यासाठी गुडघे टेकून आहे. शिल्पकाराने भारत पाहिलेला नव्हता हे त्या राजपुत्राच्या पोशाखावरून लगेच ओळखू येते. १८९० च्या पुरात मूळ पुतळा नदीत कोसळला. पुलावर आहे ती नंतरची प्रत.

पुलावर एक मोठा क्रूस आहे. त्याभोवती सोनेरी हिब्रू अक्षरे दिसतील. यशया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील ते शब्द आहेत, प्रत्येक मिस्सात आपण 'पवित्र, पवित्र, पवित्र' म्हणतो तेच. वाचून बरे वाटते. पण ती अक्षरे भक्तीने बसवलेली नाहीत. १६९६ साली प्रागमधल्या एका यहुदी माणसावर क्रूसाची निंदा केल्याचा आरोप ठेवला आणि शिक्षा म्हणून त्याच्याच पैशाने ती बसवून घेतली. त्याच्या देवाचे नाव त्याच्याच समाजाला हिणवण्यासाठी वापरले गेले. २००० साली शहराने खाली फलक लावून हे खरे काय ते लिहिले. वेळ असेल तर जुन्या यहुदी वस्तीतले पिंकास सिनेगॉग पाहा. नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातील सुमारे ८०,००० यहुद्यांची नावे तिथल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी समजावून न्या.

पूल संपतो तिथे जुन्या शहराच्या बाजूचा दगडी मनोरा आहे. पांढऱ्या टेकडीच्या लढाईनंतर, २१ जून १६२१ रोजी, बंडाच्या २७ पुढाऱ्यांना जुन्या शहराच्या चौकात मृत्युदंड दिला गेला: तीन सरदार, सात शिलेदार आणि १७ नागरिक. त्यांत विद्यापीठाचे प्रमुख डॉक्टर येसेनियस होते. एक जण कॅथलिकही होता, त्यामुळे दोन्ही बाजू आपल्याला वाटतात तितक्या स्वच्छ वेगळ्या नव्हत्या. त्यांपैकी १२ जणांची मुंडकी लोखंडी टोपल्यांत घालून या मनोऱ्यावर टांगली. बाजाराला जाणारी बायकापोरे त्यांच्याखालून दहा वर्षे ये-जा करत होती. १६३१ मध्ये जे सॅक्सन सैन्य आले, त्याच्याबरोबर परतलेल्या निर्वासितांनी ती खाली उतरवली आणि टीन चर्चमध्ये नेऊन त्यांना माती दिली. हे तेच सैन्य, त्याच दिवसांतले. नदीच्या एका काठावर बाळ येशूचे हात तुटत होते आणि दुसऱ्या काठावर कोणी आपल्या बापाचे शिर दहा वर्षांनी पुरत होता.

चौकात पोहोचलात की सगळे वर बघत असतात. १४१० चे खगोलीय घड्याळ आहे, तासाला बारा प्रेषित खिडकीतून फिरतात आणि सांगाडा घंटा ओढतो. जरूर बघा, मुलांना आवडेल. मग मनोऱ्याला वळसा घालून पूर्वेच्या बाजूला या आणि खाली बघा. फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवले आहेत. बहुतेक लोक त्यांच्यावरून चालत जातात.

चौकाच्या मधोमध यान हुस यांचे मोठे स्मारक आहे. ते कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपण विसरतो. पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ते बोलले. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत येण्यासाठी सम्राट होणाऱ्या सिगिस्मुंडने त्यांना अभयपत्र दिले, तरी तिथे त्यांना कैद केले आणि ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळले. ५०० वर्षांनी, १९१५ मध्ये, हे स्मारक उभे राहिले. त्याच चौकात १६५० पासून मरियामातेचा स्तंभ होता, स्वीडिश सैन्यापासून शहर वाचले म्हणून आभारासाठी उभारलेला. १९१८ च्या नोव्हेंबरात, देश स्वतंत्र झाल्यावर काही दिवसांतच, जमावाने दोर लावून तो पाडला. लोकांना त्यात माता दिसली नाही, ऑस्ट्रियाची राजसत्ता दिसली. २०२० मध्ये त्याची प्रतिकृती पुन्हा उभी राहिली, तीही बऱ्याच वादानंतर. आता हुस आणि मरियामाता एकाच चौकात आहेत. १९९९ च्या डिसेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुस यांच्या क्रूर मृत्यूबद्दल खोल खेद व्यक्त केला. हे वाक्य ऐकायला आईचे वडील हवे होते.

इथून पाच-सात मिनिटांवर बेथलेहेम चॅपेल आहे. टूरवाले तिथे नेत नाहीत, तेव्हा 'मोकळा वेळ' तिथे घालवा. १३९१ मध्ये ते लोकांच्या चेक भाषेत उपदेश ऐकता यावा म्हणून बांधले गेले. सुमारे ३,००० माणसे मावत. हुस १४०२ पासून इथे बोलत. जागा साधी, भिंती साध्या, आत एक विहीर. १७८६ साली ते पाडले आणि १९५० च्या दशकात, शिल्लक भिंतींच्या आधाराने, पुन्हा बांधले. बांधणारे होते कम्युनिस्ट सरकार, ज्याने त्याच काळात मठ बंद केले! त्यांना हुस क्रांतिकारक म्हणून हवे होते. हेतू काहीही असो, चॅपेल उभे आहे.

हुस यांच्या वाटेने निघालेल्या बंधुमंडळीचे शेवटचे बिशप म्हणजे शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस. १६२७ मध्ये कायदा झाला की बोहेमियात कॅथलिक व्हा नाहीतर देश सोडा. १६२८ साली कोमेनियस कुटुंबकबिल्यासह सीमा ओलांडून पोलंडला गेले, ते परत आले नाहीत. तारीख पुन्हा बघा. पोलिक्सेनाने मूर्ती दिली तेच वर्ष. मागे राहिलेल्यांनी शंभर वर्षे घरात लपून प्रार्थना केली आणि १७२२ मध्ये त्यांच्यातली काही कुटुंबे सॅक्सनीत पळून गेली. त्यांनी वसवलेल्या हेर्नहूट गावातून १७३२ पासून मोरावियन मिशनरी जगभर निघाले. त्यांचे उदाहरण विल्यम केरी यांनी १७९२ च्या आपल्या पुस्तकात दिले, पुढे ते बंगालला आले, आणि १८११ साली सेरामपूरला त्यांनी मराठी नवा करार छापला. (आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, ही चूक मी स्वतः एकदा बायबल वर्गात केली आहे.)

जाणाऱ्या दोन्ही कुटुंबांना मी वाट कागदावर काढून दिली आहे: आधी बाळ येशू, मग पूल, मनोरा, चौक, शेवटी बेथलेहेम चॅपेल. चालणे तासाभराचेही नाही, थांबणे धरून अर्धा दिवस. किल्ल्यावर जायचे असेल तर २२ क्रमांकाची ट्राम पकडा, चढ वाचेल. तिथल्या जुन्या राजवाड्यात ती खिडकी दाखवतात, जिच्यातून २३ मे १६१८ रोजी प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खाली फेकले आणि ३० वर्षांचे युद्ध पेटले. सुमारे सत्तर फुटांवरून पडूनही तिघे जगले. मरियामातेने झेलले असे कॅथलिक म्हणाले, खाली उकिरडा होता असे प्रॉटेस्टंट म्हणाले. कारभाऱ्यांना आपल्या वाड्यात लपवून घेणारी बाई पोलिक्सेनाच होती. तो वाडाही किल्ल्यातच आहे, तिकीट काढून आत जाता येते.

बाळ येशूपुढे माझ्या नावाने एक मेणबत्ती लावायला सांगितली आहे. २७ क्रूसांपाशी आईच्या नावाने एक फूल ठेवायला सांगितले आहे.