पक्षाघातोत्तर विश्रांतकालीन ऊर्जाव्यय

पक्षाघाताचा रुग्ण निपचित पडून असला, तरी त्याचे हृदय, मेंदू, फुप्फुसे ऊर्जा खर्चत असतात. हाच विश्रांतकालीन ऊर्जाव्यय.

तो मोजायचा तर डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवून श्वासातले वायू तपासावे लागतात. ते यंत्र महागडे, म्हणून सूत्रांचा आधार. हॅरिस-बेनेडिक्ट यांचे १९१९ चे सूत्र निरोगी माणसांवर बेतलेले: ६५ वर्षे, ६० किलो, १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी ते दिवसाला सुमारे १,२७७ किलोकॅलरी सांगते, मिफ्लिन यांचे १९९० चे सूत्र १,३११. लुळ्या बाजूचे स्नायू झडले किंवा ताप चढला, की दोन्ही अंदाज चुकू शकतात.

म्हणून नाकातल्या नळीने अन्न देताना हा आकडा फक्त सुरुवातीचा धरावा आणि वजन नियमित पाहावे. अंगावर सूज असेल, तर वजनकाटाही फसवतो.