'आज रोख, उद्या उधार' : महाराष्ट्रातील किरकोळ व्यापारातील रोखीचा आग्रह आणि ग्राहकांचे प्रतिसाद

प्रस्तावना

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी महाराष्ट्रातील किराणा दुकानांत अनेक पिढ्यांनी पाहिलेली आहे. ही पाटी रोज वाचली तरी तिच्यातील 'उद्या' कधीच उगवत नाही. या विनोदामागे किरकोळ व्यापाराच्या इतिहासातील एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. दुकानदाराने रोख रकमेचाच आग्रह धरला, तर ज्याच्या हाती त्या वेळी रोख नाही अशा ग्राहकाने काय करावे? आर्थिक इतिहासाच्या लेखनात सावकारी, शेतसारा, बँका आणि चलन यांचा सविस्तर विचार झाला आहे. त्या तुलनेत दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे कमी लक्ष गेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अलीकडच्या काळापर्यंत रोखीच्या आग्रहाला महाराष्ट्रातील ग्राहकांनी कसे तोंड दिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. रोखीचा व्यवहार स्वभावतः ग्राहकाच्या हिताचा किंवा अहिताचा नसतो. ग्राहकाचे उत्पन्न त्याच्या हाती केव्हा आणि कोणत्या रूपात पडते, यावर त्याचे स्वरूप ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

ग्रामीण अर्थव्यवस्था आणि रोखीची टंचाई

पारंपरिक गावगाड्यात रोख पैशाचे स्थान मर्यादित होते. बलुतेदारांना त्यांच्या सेवेचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळत असे. मीठ, तेल यांसारख्या किरकोळ गरजांसाठी घरातील स्त्रिया पदरात धान्य घेऊन दुकानात जात आणि त्याच्या बदल्यात वस्तू आणत. आठवडी बाजारात मात्र व्यवहार जागच्या जागी पुरा करावा लागे. बाहेरगावचा विक्रेता पुढच्या आठवड्यात भेटेलच याची खात्री नसल्याने तेथे उधारीला फारसा वाव नव्हता.

ब्रिटिश अंमलात रयतवारी पद्धतीने शेतसारा रोखीने आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरणे सक्तीचे झाले. शेतकऱ्याचे उत्पन्न सुगीशी बांधलेले, तर देणे सरकारी मुदतीशी बांधलेले, अशी स्थिती निर्माण झाली. ही फट गावातील सावकाराने भरून काढली. पुष्कळ ठिकाणी सावकार आणि धान्य व कापडाचा दुकानदार ही एकच व्यक्ती असे. परिणामी कर्जाची आणि दुकानाच्या उधारीची खाती एकमेकांत मिसळून गेली. निरक्षर शेतकऱ्याला आपल्या नावावर नेमके काय लिहिले आहे, हे पडताळून पाहता येत नसे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) पश्चिम भारतातील कापसाला मोठी मागणी आली आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपल्यावर कापसाचे भाव घसरले, पत आखडली आणि नव्या उधारीला नकार मिळू लागला. यावरचा एक प्रतिसाद १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी दिसतो. तेथील रहिवाशांनी सावकारांवर सामाजिक बहिष्कार टाकला आणि त्यांच्या दुकानांतून माल घेणे बंद केले. न्हावी, धोबी यांसारख्या कारागिरांनीही त्यांची कामे नाकारली. पुढील वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी उठावाला तोंड फुटले. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या हस्तगत करून जाळणे हे या दंग्यांचे ठळक वैशिष्ट्य होते. लोकांचा रोष कागदावर केंद्रित झाला, यावरून वहीतील नोंद त्यांच्या जीवनावर किती अधिकार गाजवत होती हे स्पष्ट होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याला पावती व हिशेबाचा उतारा देण्याविषयी तरतुदी कराव्या लागल्या, त्या याच अनुभवातून.

गिरणगाव : पगाराची तारीख आणि वाण्याची वही

मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. येथील कामगाराचे उत्पन्न रोखीचे होते. परंतु ते उशिरा मिळत असे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या मध्याच्या सुमारास देण्याची पद्धत अनेक गिरण्यांत होती. त्यामुळे कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या नव्या कामगाराला पहिला पगार हाती पडेपर्यंत साधारणपणे सहा आठवडे काढावे लागत. या काळात रोखीनेच माल देणारे दुकान त्याच्यासाठी बंद असल्यासारखेच होते.

या अडचणीवर कामगार कुटुंबांनी काढलेले मार्ग स्थूलमानाने तीन प्रकारचे होते. पहिला मार्ग उधारी देणाऱ्या वाण्याशी खाते जोडण्याचा. त्यासाठी गाववाल्याची किंवा जॉबरची ओळख उपयोगी पडे. मात्र या सोयीची किंमत मोजावी लागे. उधारीचा भाव चढा असे, मापाविषयी वा प्रतीविषयी तक्रार करणे कठीण जाई आणि बाकी फिटल्याशिवाय दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येत नसे. दुसरा मार्ग रोख उभी करण्याचा. भांडी किंवा दागिना गहाण टाकून, भिशीची पाळी लावून अथवा पठाण सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेऊन रोखीची गरज भागवली जाई. तिसरा मार्ग खानावळीचा. एकट्या राहणाऱ्या कामगाराला खानावळवाली बाई महिनाभर जेवू घाली आणि पगार झाल्यावर पैसे घेई.

या परिस्थितीचे परिणाम तत्कालीन पाहणीतही उमटले आहेत. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाविषयीचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणी केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे त्यात आढळले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतन प्रचलित नाण्यांत किंवा नोटांत देणे आणि वेतनकाळ संपल्यावर सातव्या किंवा मोठ्या कारखान्यांत दहाव्या दिवसाच्या आत देणे बंधनकारक केले. हा कायदा कारखान्याच्या दारातील व्यवहारासाठी होता. पण त्याचा परिणाम वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचणारा होता. पगाराची तारीख जितकी अलीकडे येते, तितकी उधारीची मुदत आखडते.

उधारीचा दुसरा पैलूही नोंदवणे आवश्यक आहे. १९२८ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुमारे सहा महिने चालला. एवढा काळ तग धरण्यास गावाकडील आधाराबरोबर वस्तीतील दुकानदारांची उधारीही कारणीभूत होती. दुकानदाराने उदारपणाने वही उघडी ठेवली, असे म्हणणे अपुरे ठरेल. जुनी बाकी वसूल व्हायची तर गिऱ्हाईक टिकले पाहिजे, हा हिशेबही त्यामागे होता. तरीही, 'फक्त रोख' हा नियम सर्व दुकानांनी कसोशीने पाळला असता, तर अडचणीच्या दिवसांत कामगाराच्या चुलीला आधार उरला नसता, ही वस्तुस्थिती आहे.

रोखीचे तत्त्व : ग्राहकांनीच स्वीकारलेला नियम

रोखीचा नियम नेहमी दुकानदारानेच लादला असे नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये अठ्ठावीस सभासदांनी सुरू केलेल्या सहकारी भांडाराने रोख व्यवहार हे आपले एक तत्त्व मानले. उधारीमुळे श्रमिक दुकानदाराचा बांधील होतो आणि भेसळ व खोटे माप निमूटपणे सोसतो, असा अनुभव त्यामागे होता. रोखीने खरेदी करायची आणि खरेदीच्या प्रमाणात लाभांश घ्यायचा, ही त्यांची योजना होती. भारतात १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मान्यता मिळाली आणि १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांना, त्यांत ग्राहक भांडारांनाही, वाट मोकळी झाली.

मुंबईत नायगाव येथे १९४८ मध्ये गिरणी कामगारांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आणि पुढे 'अपना बाजार' या नावाने घरोघरी पोहोचलेली संस्था या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एक पाऊल पुढे टाकले. शेजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि घाऊक खरेदीचा लाभ वाटून घ्यायचा, ही तिची पद्धती होती. येथे रोख पैसा ग्राहकाची ताकद बनला.

परंतु या ताकदीला एक मर्यादा होती. महिन्याच्या आरंभी पूर्ण रक्कम बाजूला काढू शकणाऱ्या, नियमित पगाराच्या कुटुंबालाच हा मार्ग सुलभ होता. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला रोजचे पीठमीठ रोजच घ्यावे लागे. १९७५ मध्येच प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे कार्य या दृष्टीने लक्षणीय आहे. खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया वाण्याकडून चढ्या भावाने उधार माल घेत आणि कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवण देत. म्हणजे दोन्हीकडचा भार त्यांच्याच डोक्यावर असे. मंडळाने त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यामुळे रोखीने माल घेणे त्यांना शक्य झाले. रोखीचे फायदे मिळवण्यासाठी आधी रास्त व्याजाची पत लागते, हा या प्रयोगाचा धडा आहे.

शिधावाटप आणि सुट्ट्या पैशांचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. नेमून दिलेले दुकान, नेमून दिलेले प्रमाण आणि रोख किंमत हे या व्यवस्थेचे स्वरूप होते. भाव नियंत्रित असल्याने ग्राहकाला संरक्षण मिळाले. पण शिधा आला त्या दिवशी हाती पैसे नसतील, तर हक्काचे धान्यही उचलता येत नसे. स्वस्त धान्य दुकानांच्या पुढील काळातही गरीब कुटुंबांची ही अडचण कायम राहिली. कमी भावाचे धान्य रोखीअभावी सोडायचे आणि तेच धान्य वाण्याकडून जास्त भावाने उधार घ्यायचे, असा विपरीत व्यवहार त्यातून घडे.

युद्धकाळात धातूच्या टंचाईमुळे लहान नाण्यांचीही चणचण भासू लागली. १९४३ पासून पाडलेला भोकाचा पैसा हे त्याचे स्मारक म्हणता येईल. सुट्ट्या पैशांचा हा प्रश्न पुढेही वेळोवेळी डोके वर काढत राहिला. रुपया-दोन रुपयांची मोड नसली की दुकानदार ग्राहकाच्या हातावर गोळ्या-चॉकलेट ठेवी. ग्राहक ते मुकाट्याने घेई किंवा 'पुढच्या वेळी धरा' असे सांगून दुकानदाराकडे आपलीच उधारी ठेवी. नाणी ही कायदेशीर चलन आहेत, गोळ्या नव्हेत; तरीही एवढ्या लहान रकमेसाठी वाद घालणे ग्राहकाला परवडत नसे.

रोखीचा बदललेला अर्थ

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'रोख' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द 'उधार' हाच होता. त्यानंतर मात्र हा अर्थ हळूहळू बदलला. १९८० च्या दशकात भारतीय बँकांची क्रेडिट कार्डे आली आणि १९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले एटीएम सुरू झाले. कार्डावरील व्यवहारासाठी दुकानदाराला बँकेस शुल्क द्यावे लागे. म्हणून लहान दुकानदार कार्ड नाकारत किंवा शुल्काची रक्कम ग्राहकाकडून वसूल करत. 'फक्त रोख' या शब्दांचा अर्थ आता 'उधार मिळणार नाही' एवढाच राहिला नाही. 'खात्यातील पैसा येथे चालणार नाही' असाही तो झाला.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या. मूल्याच्या दृष्टीने चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत निरुपयोगी ठरल्या. दुकान रोखीचे, ग्राहकाच्या खात्यात पैसाही आहे, पण नोट मिळत नाही, अशी अपूर्व अवस्था निर्माण झाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास त्याच महिन्यात मनाई झाल्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला विशेष झळ पोहोचली. अशा वेळी ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी अनेक दुकानदारांनी उधारीची वही पुन्हा काढली. दुसरीकडे, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडरहित म्हणून जाहीर करण्यात आले. रोखीच्या टंचाईवर जुनी पत आणि नवे यंत्र असे दोन उपाय एकाच काळात योजले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२०१६ मध्येच सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने पुढील काही वर्षांत भाजीच्या हातगाडीपर्यंत मजल मारली. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आल्याने शुल्काची जुनी सबबही उरली नाही. तथापि रोखीचा आग्रह संपला नाही. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात, बंगळूरू येथे, यूपीआय व्यवहारांच्या आधारे लहान व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा आल्या आणि अनेक दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. वाद व्यापारी आणि कर खाते यांच्यातील होता. पण एटीएम शोधत फिरण्याची पाळी ग्राहकावर आली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, रोखीचा आग्रह ही केवळ देयकाची पद्धत नसून जोखीम वाटून घेण्याची व्यवस्था आहे. उधारीत बुडण्याची जोखीम दुकानदार घेतो आणि चढ्या भावाच्या रूपाने तिची वसुली करतो. रोखीत पैसा वेळेवर उभा करण्याचा सारा भार ग्राहकावर पडतो. दुसरा असा की, ग्राहक या भारापुढे निष्क्रिय राहिलेला नाही. करड्याचा बहिष्कार, गिरणगावातील भिशी, नायगावचे भांडार आणि खानावळवाल्या स्त्रियांचे मंडळ ही त्याच्या सामूहिक प्रतिसादाची उदाहरणे आहेत. एकट्या ग्राहकाला रोखीचा नियम बहुधा मान्य करावा लागला. संघटित ग्राहकाने त्याच नियमाला आपल्या बाजूने वळवले.

तिसरा निष्कर्ष वर्तमानाशी निगडित आहे. ज्याच्या हाती नोट नाही त्याला 'फक्त रोख' ही पाटी अडवते. ज्याच्याकडे बँक खाते किंवा स्मार्टफोन नाही त्याला 'फक्त ऑनलाइन' ही पाटी तितकीच अडवते. कोणत्याही एकाच मार्गाचा आग्रह धरला गेला की त्या मार्गापासून दूर असलेला ग्राहक दुकानाबाहेर राहतो. १८७५ मध्ये वही वाचता न येणारा शेतकरी आणि आज मोबाइलचा पडदा वाचता न येणारी वृद्ध स्त्री यांच्या अडचणीतील साम्य नजरेआड करता येत नाही. म्हणून देयकाच्या पद्धतीचे मूल्यमापन करताना ती किती आधुनिक आहे, यापेक्षा सर्वांत कमी साधने असलेल्या ग्राहकाला तिच्यामुळे दुकानाची पायरी चढता येते की नाही, हाच निकष ग्राह्य मानणे उचित ठरेल.