वाचता येते म्हणजे काय?

मादन हिप्परगा हे गाव आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात मोडते. तालुक्याची शीव ओलांडली की महाराष्ट्रातील अक्कलकोट व उमरगा हे तालुके लागतात. ह्या टापूत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा मुलाच्या कानांवर शाळेत जाण्यापूर्वीच पडलेल्या असतात. अशा मुलाला वाचता येते, असे सरकारने केव्हा म्हणावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे आणि दर वेळी त्या बदलाचा भार मुलांनी व त्यांच्या शिक्षकांनी वाहिला आहे. आज त्या उत्तरांचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

सरकारी शाळा निघण्यापूर्वी मराठी मुलखात पंतोजींच्या शाळा असत. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवावयाची, बाराखडी व पाढे मोठ्याने घोकावयाचे, आणि पुढे मोडी पत्र वाचता आले व हिशेब मांडता आला की शिक्षण पुरे झाले, असे समजत. तेथे ठरलेले क्रमिक पुस्तक नव्हते. घरी आलेला कागद मुलाला उलगडतो की नाही, हीच पारख होती. तथापि ह्या शाळेचे दार मोजक्या घरांतील मुलांनाच उघडे होते. मुली आणि अस्पृश्य गणलेल्या जातींची मुले बाहेरच राहत, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे योग्य नव्हे.

1854 च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी विद्याखाते उभे राहिले. मेजर थॉमस कँडी ह्यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. मराठीत विरामचिन्हांची शिस्त बसविण्याचे श्रेयही कँडीसाहेबांकडेच जाते. आता वाचनाला पायऱ्या आल्या: अमुक इयत्तेत अमुक पुस्तक. वर्षाकाठी दिपोटी येई, मुलास उभे करी आणि धडा वाचावयास सांगे.

ह्या पायऱ्यांना पैशाची जोड कशी मिळाली, हे पाहण्यासाठी क्षणभर विलायतेकडे वळले पाहिजे. तेथे 1862 साली रॉबर्ट लो ह्यांच्या पुढाकाराने नवे शिक्षणनियम अमलात आले. पहिल्या पायरीवरील मुलाने एकावयवी शब्दांची लहानशी गोष्ट वाचावी, सहाव्या पायरीवरील मुलाने वृत्तपत्रातील साधा परिच्छेद वाचावा, असे ठरले. मूल वाचनात नापास झाले तर शाळेच्या अनुदानातून 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. परिणाम काय झाला? मुलांनी पुस्तकच पाठ केले! कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळांचे निरीक्षक होते. अशा रीतीने पास झालेल्या मुलाला खरे वाचन येतेच असे नाही, ही तक्रार त्यांनी आपल्या अहवालांतून वारंवार मांडली. आपल्याकडेही निकालावर अनुदान देण्याची ही चाल आली आणि 1904 च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावापर्यंत तिचा अंमल कमीअधिक प्रमाणात राहिला.

अनुदानाची ती अट गेली, परंतु पाठ करून वाचण्याची खोड गेली नाही. सीमेवरील एका शाळेत पहिलीचा एक मुलगा माझ्यापुढे खणखणीत आवाजात धडा वाचीत होता. वाऱ्याने पान उलटले, समोर निराळेच चित्र आले, तरी त्याचा धडा बिनचूक चालूच राहिला! मी हसलो नाही. आमच्या देवळातही कित्येक मुले प्रार्थनेचे पुस्तक हाती धरून पाठ प्रार्थनाच म्हणत असतात. मूल फसवीत नसते. मोठ्यांना जे ऐकावयाचे असते, ते ते देत असते.

1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन ठेवले, ते ह्या दृष्टीने आजही वाचण्याजोगे आहे. प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची तोंडओळख आणि आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी सुचविले. बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशीही त्यांची मागणी होती. शेतकऱ्याच्या मुलाला त्या वाचनाचा उपयोग काय, येथून त्यांचा विचार सुरू होतो.

हे सर्व ब्रिटिश मुलखातले झाले. मादन हिप्परगा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारे बहुसंख्य असूनही राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलगा कसाबसा मराठी वाचू लागला तरी वरचा जिना दुसऱ्या लिपीतून चढावा लागे. म्हणून लोकांनीच शाळा काढल्या. 1907 साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले. स्वामी रामानंद तीर्थ ज्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, तीही हिप्परग्याचीच. मात्र तो हिप्परगा लोहारा तालुक्यातला, आपला मादन हिप्परगा नव्हे.

1948 साली संस्थान भारतात आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आळंद तालुका गुलबर्गा जिल्ह्यासह म्हैसूर राज्यात राहिला. ह्याच राज्याला 1973 साली कर्नाटक हे नाव मिळाले. 1956 सालीच राज्यघटनेत 350 अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. त्याआधी 1949 च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की, शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुले त्या भाषेची असली तर तिचा शिक्षक द्यावा. माझ्या मते वाचनाचे पहिले मान हेच होय. कारण येथे कसोटी मुलाची नसून सरकारची आहे.

5 जुलै 2021 रोजी भारत सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीअखेर प्रत्येक मुलाने मिनिटास निदान 60 शब्द समजून वाचावे, असे त्याचे लक्ष्य आहे. त्यातील 'समजून' हा शब्द मोलाचा आहे. परंतु शब्द मोजावयाचा कसा? 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोनच शब्द झाले. तेवढाच अर्थ सांगावयास इंग्रजीला आठ शब्द लागतात. कन्नडातही प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतात. तेव्हा एकच आकडा सर्व भाषांना सारखा न्याय देऊ शकत नाही. ही अडचण सरकारच्याही ध्यानी आली, हे समाधानाचे होय. 2022 साली देशभरातील सुमारे 10,000 शाळांतील तिसरीच्या सुमारे 86,000 मुलांची 20 भाषांत पाहणी झाली आणि भाषेगणिक निराळी माने ठरविण्यात आली.

श्रोतेहो, मान असू नये असे मी म्हणत नाही. मान नसले तर मागच्या बाकावरील मुलाकडे कोणाचे लक्षच जाणार नाही. परंतु घड्याळ लावून मुलाचे शब्द मोजण्यापूर्वी त्याच्या भाषेचा शिक्षक आणि त्याच्या भाषेचे पुस्तक वर्गात आहे की नाही, हे मोजावे. कर्नाटकात मराठी पाठ्यपुस्तके आजही छापली जातात. ती जून महिन्यात मुलाच्या हाती पडावीत. आणि मूल वाचून थांबले की, 'किती शब्द झाले?' ह्याआधी, 'बाळ, काय वाचलेस? तुझ्या शब्दांत सांग,' एवढे त्याला जरूर विचारावे.