लाकडी वाड्यांचा जीर्णोद्धार : एक विसरत चाललेले पुण्यकर्म

नवे मंदिर बांधण्याच्या पुण्यापेक्षा जुन्याच्या जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे जैन परंपरा सांगत आली आहे. बाराव्या शतकातील गुजरातचे मंत्री उदयन यांची कथा आपल्यापैकी अनेकांनी व्याख्यानांतून ऐकली असेल. शत्रुंजय तीर्थावरील आदिनाथ प्रभूंचे मंदिर त्या काळी लाकडी होते. पूजेच्या वेळी एक उंदीर दिव्याची जळती वात तोंडात धरून बिळाकडे पळताना मंत्र्यांनी पाहिला आणि दगडी मंदिराचा संकल्प सोडला. पुढे युद्धात त्यांचा देह पडला. तो संकल्प त्यांचे पुत्र बाहड मंत्री यांनी राजा कुमारपाळाच्या कारकिर्दीत सिद्धीस नेला. मंदिर पूर्ण झाल्याची वार्ता आणणाऱ्यास बाहडांनी बक्षीस दिले. पुढे मंदिरास तडा गेल्याची वार्ता आणणाऱ्यास त्याच्या दुप्पट दिले. तडा आपल्या हयातीतच कळला, आता तो आपल्याच हातून दुरुस्त होईल, हा त्यामागील भाव होता. जीर्णोद्धाराचे सारे मर्म या एका कथेत आहे.

आपल्या पुणे जिल्ह्याचा इतिहासही हेच सांगतो. शनिवारवाड्याच्या कामास १० जानेवारी १७३० रोजी प्रारंभ झाला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला गेला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. आतील सर्व लाकडी इमले भस्मसात झाले आणि तट, दरवाजे व जोती तेवढी उरली.

विश्रामबागवाड्याचे भाग्य निराळे. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्याच्या दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आजही पाहणाऱ्यास थबकवतात. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १३ मे १८७९ च्या आगीत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भागही जळाला. तेव्हा लोकवर्गणी व नगरपालिका यांच्या साहाय्याने तो पुन्हा उभा राहिला. पुढे २००० नंतरच्या काळात महानगरपालिकेने त्याच्या जतनाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले. आग दोन्ही वाड्यांना लागली; एकाच्या मागे समाज उभा राहिला, म्हणून तो आज उभा आहे.

अशी वास्तू पुन्हा उभी करता येते, याचे कारण तिच्या रचनेत आहे. जुना वाडा भिंतींवर नव्हे, तर लाकडी सांगाड्यावर उभा असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर तक्तपोशी आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद, असा भार क्रमाने खाली उतरतो. भिंत केवळ आडोसा देते. घराचे मोजमापही खणांत होई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारो बळी घेतले. मात्र अनेक ठिकाणी भिंती कोसळूनही आतील लाकडी खण उभे राहिल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

या सांगाड्याची दुरुस्ती आजही हातानेच होते. प्रथम माळवदाची माती उतरवून भार हलका करतात. उतरविण्याच्या प्रत्येक लाकडावर खूण घालतात, म्हणजे ते पुन्हा आपल्याच जागी बसते. खांब बहुधा बुडाशी, भिंतीतील ओल लागून कुजतो. वरचे लाकूड शंभर-दीडशे वर्षांनंतरही निकोप असते. अशा वेळी तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन ती बोटभर उचलतात, कुजलेला भाग कापून तेथे जुन्याच सागवानाचा तुकडा सांधतात आणि खांब पुन्हा तळखड्यावर टेकवितात. एक खांब झाल्यावरच दुसऱ्यास हात लावायचा, हा जुन्या सुतारांचा दंडक. सांध्यांत कुसू आणि लाकडी खुंटी असल्यामुळे सांगाडा सुटतो आणि पुन्हा जुळतो. भिंतीस मात्र माती वा चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट आतील ओल कोंडून ठेवते आणि तीच ओल वाळवीला आमंत्रण देते. वाळवी होऊ नये म्हणून लाकूड कोरडे ठेवणे हीच आपल्या धर्मातील जयणा. वाळवी झाल्यावर औषध फवारणे म्हणजे हिंसा. जुने लाकूड पुन्हा वापरल्याने नवे झाड तोडावे लागत नाही. वनस्पतिकायेतही जीव मानणाऱ्या समाजाला याचे मोल वेगळे सांगणे नको.

पाटस व दौंडचा हा परिसर कमी पावसाचा, म्हणूनच माळवदाच्या घरांचा. पुण्याहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली आणि मार्गावरील गावांच्या व्यापारास गती आली. पुढे दुकान, मागे घर आणि दारी ओटा, अशा घरांतून व्यापारी कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या. श्री तुकाराम महाराजांच्या पालखीतील वारकरी अशाच ओट्यांवर विसावत आले. आज वाटण्या होतात, मुले पुण्या-मुंबईस स्थिरावतात आणि घर पाडून सागवान वजनावर विकले जाते. सौदा एका दिवसात होतो; मात्र तसा खांब आज विकत घेऊ म्हटले तरी मिळणे कठीण, आणि कुसू बिनचूक काढणारा सुतार त्याहून दुर्मीळ.

प्रत्येक जुने घर वाचेलच असे नाही. पण पाडण्यापूर्वी जाणत्या सुताराकडून खांबांचे बूड तपासून घ्यावे, आढी-कड्यांचे मोजमाप व छायाचित्रे करून ठेवावीत, आणि दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती व पन्हळी पाहाव्यात, एवढे तर प्रत्येक कुटुंबास शक्य आहे. तडा लवकर कळणे हे भाग्यच होय. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात ट्रस्टने आणि समाजातील तरुणांनी गावातील जुन्या वास्तूंची नोंद करण्याचे काम हाती घेतले, तर पुढील पन्नास वर्षांसाठी ती मोठी शिदोरी ठरेल.