१९७१ आणि कॉलेजचं मैदान

खातीपुऱ्याच्या मेसमध्ये १९७१ म्हटलं की गप्पा लोंगेवालाकडे वळतात. राजस्थानात ते साहजिकच आहे. पण युद्धाच्या आठ महिने आधी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरी हरवलं होतं. त्या विजयाची मुळं आंतरविद्यापीठ क्रिकेटमध्ये होती, हे आमच्या तरुण कॅप्टन-मेजरांना सांगावं लागतं.

रोहिंटन बारिया करंडक १९३५ चा. मुंबईच्या बारियांनी दिवंगत मुलाच्या नावाने तो दिला. वाडेकर, सरदेसाई, गावसकर तिघेही मुंबई विद्यापीठाकडून त्यात खेळले. वाडेकरांचा ३२४ धावांचा विक्रम गावसकरांनी ३२७ करून मोडला.

मला मोठी वाटते ती सरदेसाईंची गोष्ट. मूळचे मडगावचे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, क्रिकेट नावापुरतं. १९५७ साली, सतराव्या वर्षी, ते मुंबईला आले. विल्सन कॉलेजात प्रशिक्षक मन्या नाईकांनी त्यांना हेरलं. १९५९-६० च्या स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा. पुढच्या मोसमात पुण्याला पाकिस्तानविरुद्ध भारतीय विद्यापीठांकडून पुन्हा ८७! १९६१ मध्ये थेट कसोटी. वेस्ट इंडीजमध्ये गावसकरांच्या ७७४ खालोखाल त्यांच्याच ६४२ धावा होत्या.

आता निवडकर्त्यांची नजर सोळा आणि एकोणीस वर्षांखालच्या संघांवर असते. विद्यापीठाचे सामने होतात, पण बघायला कोण जातं? सतराव्या वर्षी मडगावहून आलेल्या पोराला आज बहुधा ‘उशीर झाला’ असंच सांगितलं असतं.