हृदयातील आडवाट

विश्रांती घेत असताना आपल्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण 72 पडतात. वरच्या उजव्या कप्प्यात निघालेला विद्युत संदेश एकाच दाराने खालच्या कप्प्यांत उतरतो. काही जणांच्या हृदयात मात्र जन्मतःच स्नायूचा एक जादा धागा असतो. मग संदेश दाराने उतरतो, या आडवाटेने परत वर चढतो आणि गोल गोल फिरत राहतो. ठोके एकाएकी दोनशेच्या घरात जातात.

वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी अशा 11 जणांचे वर्णन 1930 साली प्रसिद्ध केले. हा धागा कापण्यासाठी 1968 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सीली यांना एका कोळ्याची छाती उघडावी लागली.

छाती न उघडता तेथे पोहोचण्याची वाट जर्मनीतील फोर्समन यांनी 1929 सालीच दाखवली होती. लघवीसाठी वापरायची नळी त्यांनी स्वतःच्या दंडाच्या शिरेतून 65 सेंटिमीटर आत सरकवली आणि क्ष-किरण चित्र काढून ती हृदयात पोहोचल्याची खात्री केली. त्याबद्दल 1956 साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

नळीच्या टोकाने उपचार करण्याची सुरुवात 1981 साली शाइनमन यांनी केली. विजेचा झटका देऊन त्यांनी मुख्य दारच बंद केले. धडधड थांबली, पण रुग्णाला कायमचा पेसमेकर बसवावा लागे. पुढे झटक्याऐवजी रेडिओ-लहरींची ऊर्जा आली. तिने नळीच्या टोकापाशी काही मिलिमीटरच ऊती तापून निकामी होतात. म्हणजे दार शाबूत ठेवून नेमकी आडवाट बंद करता येते. जॅकमन यांनी 1991 साली 166 पैकी 164 रुग्णांत हे साधल्याचे प्रसिद्ध केले.

जांघेतील शिरेला लहानसे छिद्र, तेवढीच जागा बधिर करणे आणि नंतर काही तास पडून राहणे एवढ्यावर भागत असल्याने निवडक रुग्णांना त्याच दिवशी घरी सोडता येते. धोका मात्र शून्य नाही. आडवाट दाराला लागून असेल तर दारालाही इजा होऊ शकते.

ही सोय कळमनुरीला नाही, मोठे शहर गाठावे लागते. पण निदानाची पहिली पायरी शाळेतच चढता येते. विद्यार्थ्याची छाती धडधडू लागली तर ‘घाबरला असेल’ म्हणून आपण सोडून देऊ नये. पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणावे, वेळ लिहून ठेवावी आणि धडधड चालू असतानाच हृदयालेख काढून घ्यावा. मूर्च्छा आली तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.